डॉमिनिकन रिपब्लिक : बेत स्वतःचा, पण स्थानिक मदत नेमकी कुठे घ्यावी?

वाटसरू५८

फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी आणि पत्नी डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये १२ दिवस फिरण्याच्या विचारात आहोत. माझे वय ५८, तिचे ५५. पुंता कानाच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये मनगटाला पट्टा बांधून घेऊन आठवडाभर एकाच किनाऱ्यावर पडून राहणे आम्हा दोघांनाही मानवणारे नाही, आणि छत्री उंचावून पुढे चालणाऱ्या गाइडच्या मागे वीस जणांच्या घोळक्यातून फिरण्याचेही आता वय राहिलेले नाही. म्हणून मुक्काम आम्हीच ठरवायचे, प्रवास शक्य तिथे लोकांच्या बसने करायचा आणि अडेल तिथे तिथल्याच माणसांची मदत घ्यायची, असे ठरवले आहे.

आतापर्यंत जुळवलेला बेत असा : सांतो दोमिंगोमध्ये २ रात्री, सामाना द्वीपकल्पात ४, डोंगरातल्या हाराबाकोआला ३, आणि उरलेले दिवस अजून मोकळे. राजधानीतील एका प्रवास संयोजकाकडे चौकशी केली, तेव्हा त्याने संपूर्ण १२ दिवसांसाठी गाडी, चालक आणि वाटाड्या असा एकत्रित प्रस्ताव पाठवला. रक्कम आवाक्याबाहेरची नाही, पण वाचताना असे वाटले की आपण रिसॉर्ट नाकारून रिसॉर्टचीच चाके लावलेली आवृत्ती विकत घेत आहोत.

माझी स्पॅनिश भाषा सहा महिने मोबाइलवर रोज अर्धा तास गिरवलेली आहे, म्हणजे मला प्रश्न विचारता येतो पण आलेले उत्तर कळत नाही. पत्नीच्या उजव्या गुडघ्याला चढापेक्षा उताराचा त्रास होतो. आम्ही दोघे शाकाहारी आहोत, अंडी चालतात. दोघांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा आहे. अशा स्थितीत पूर्ण वेळ चालक घेणे खरोखर आवश्यक आहे का, आणि नसेल तर मदत कुठे घ्यावी व कुठे घेऊ नये, हे ज्यांनी तो देश पाहिला आहे त्यांनी सांगावे.

सोनचाफा

आधी कागदपत्रांचा भाग उरकून टाकते. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीय पासपोर्टधारकांना पर्यटनासाठी तिथला वेगळा व्हिसा लागत नाही. १० डॉलरचे पर्यटक-शुल्क विमानाच्या तिकिटातच आकारलेले असते. मात्र येताना आणि जाताना 'ई-तिकीट' नावाचा सरकारी अर्ज ऑनलाइन भरून त्याचा क्यूआर कोड जवळ ठेवावा लागतो. हा अर्ज विनामूल्य आहे, त्यामुळे त्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ उघडले गेल्यास ते बंद करून सरकारी संकेतस्थळ शोधावे.

आता मुख्य मुद्दा. मी तिथे दोनदा गेले आहे, पहिल्यांदा अगदी तुम्हाला आला आहे तशा प्रस्तावानुसार आणि दुसऱ्यांदा त्याच्याशिवाय. पहिल्या वेळचा आमचा चालक सज्जन होता, गाडी चांगली होती, पण तो राजधानीचा माणूस होता. सामानात पोहोचल्यावर तोही आमच्याप्रमाणेच मोबाइलवरचा नकाशा पाहून वळणे घेत होता, आणि एल लिमोनच्या धबधब्याला जाताना गावातली चार ठिकाणे ओलांडून त्याने गाडी जिथे थांबवली, तिथे त्याचा वाटा आधीच ठरलेला होता, हे जेवणाचे बिल आल्यावर आमच्या लक्षात आले. तेव्हापासून माझा साधा निकष असा आहे की स्थानिक म्हणजे त्या देशाचा नव्हे, त्या गावाचा. बारा दिवसांसाठी एकच माणूस घेतला की तो पहिल्या दोन दिवसांनंतर तुमच्यासारखाच पाहुणा होतो.

त्यामुळे मदत तुकड्यातुकड्यांनी घ्यावी असे मी म्हणेन. एल लिमोन गावात रस्त्याच्या कडेला 'पारादा' म्हणून ओळखली जाणारी कुटुंबांनी चालवलेली ठिकाणे आहेत, जिथून घोडे मिळतात. तुम्ही घोड्यावर बसता आणि गावातला एखादा मुलगा किंवा बाई गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून लगाम धरून चिखलातून तासभर पुढे चालत राहते. ठरलेल्या रकमेतले त्यांच्या हाती फारसे पडत नाही, त्यामुळे बक्षिसी वेगळी आणि थेट त्यांच्या हातात द्यावी. घोडे थांबतात तिथून धबधब्यापर्यंत पायऱ्यांचा उतार आहे, हे पत्नीच्या गुडघ्यासाठी आधीच सांगून ठेवते. वरच्या थांब्यावरूनही धबधबा दिसतो, त्यामुळे खाली उतरलेच पाहिजे असे नाही.

लोस आइतिसेस राष्ट्रीय उद्यानात खारफुटीतून होडीने जायचे असते, आणि तिथल्या गुहांच्या भिंतींवर ताइनो या बेटावरच्या मूळ रहिवाशांनी काढलेली चित्रे आहेत. सामाना शहरातून मोठ्या गटांच्या सहली निघतात. त्यापेक्षा प्रवासी होडीने खाडी ओलांडून पलीकडच्या साबाना दे ला मारला जावे, तिथे एक रात्र राहावे आणि सकाळी तिथल्याच नावाड्याबरोबर उद्यानात शिरावे. ती होडी साधी आहे, तासाभराचा प्रवास आहे, आणि लाटा असल्या की अंग भिजते. पासपोर्ट व कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. गटांच्या सहली पोहोचण्यापूर्वी गुहेत आम्ही चौघेच होतो. नावाड्याने टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरपी धरली तेव्हा आधी नुसता डाग वाटलेली आकृती चोच असलेला पक्षी आहे हे दिसले. समोरून प्रकाश टाकला असता तर ते कळले नसते, आणि हे त्याला कुणी शिकवावे लागले नव्हते.

तुमच्या तारखांना सामानाच्या खाडीत कुबड देवमासे असतात. जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत ते पिलांना जन्म देण्यासाठी व जोडीदार शोधण्यासाठी येतात. तिथे मात्र परवानाधारक नौकाच घ्यावी. किनाऱ्यावर कुणी आपल्या मासेमारीच्या होडीतून स्वस्तात नेतो म्हणाला तर नम्रपणे नकार द्यावा, कारण देवमाशांपासून किती अंतर राखायचे याचे नियम आहेत आणि खाडीच्या तोंडाशी समुद्र खवळलेला असतो. स्थानिक मदतीची मी कितीही बाजू घेत असले तरी या एका बाबतीत स्वस्त आणि घरगुती हे चांगले नव्हे.

बाकी प्रवासासाठी ग्वाग्वा आहेतच. ग्वाग्वा म्हणजे लहान बस, आणि तिच्या दाराशी लटकून गावांची नावे ओरडणारा वाहक म्हणजे कोब्रादोर. हा कोब्रादोरच खरा तुमचा वाटाड्या, फक्त त्याला वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. चढताना त्याला उतरण्याचे ठिकाण सांगून ठेवले की तो लक्षात ठेवतो, गाडी बदलायची असेल तर पुढच्या ग्वाग्वाच्या कोब्रादोरकडे तुम्हाला बॅगांसकट सोपवतो, आणि पुष्कळदा भाडे किती द्यायचे हेही त्यालाच सांगून जातो. मध्येच उतरायचे असेल तर 'दोंदे पुएदा' असे मोठ्याने म्हणावे, म्हणजे 'जमेल तिथे थांबवा'. सुट्या नोटा जवळ ठेवा. डॉलरला साधारण ६० पेसो मिळतात, आणि २००० पेसोची नोट काढली की अख्ख्या ग्वाग्वात तिचे सुटे शोधण्याचा सोहळा होतो.

खारेवारे

सोनचाफा यांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, पण ग्वाग्वाचे वर्णन जरा अधिकच गोड झाले आहे. रस्ते अपघातांतील मृत्यूंच्या प्रमाणात हा देश जगात वरच्या क्रमांकांत मोजला जातो आणि त्यामागची कारणे खिडकीतून रोज दिसतात : दिवे नसलेल्या मोटरसायकली, उलट्या बाजूने येणारी वाहने, समोरून वाहन येत असतानाही पुढे जाण्याची घाई. त्यामुळे माझा नियम असा की अंधार पडल्यावर रस्त्यावर असायचे नाही, मग ती ग्वाग्वा असो वा भाड्याची गाडी. मोतोकोंचो, म्हणजे मोटरसायकलची टॅक्सी, प्रत्येक नाक्यावर उभी असते. मागे बसणाऱ्याला हेल्मेट क्वचितच मिळते. गावातल्या गावात एखाद्या किलोमीटरपुरती ठीक आहे, पण बॅग मांडीवर घेऊन घाटात तिच्यावर बसू नये.

मोठ्या शहरांमधील अंतरांसाठी मोठ्या कंपन्यांच्या वातानुकूलित बस आहेत आणि त्या वेळेवर सुटतात. राजधानीतून सामानाला नव्या महामार्गाने साधारण अडीच तास लागतात. आत स्वेटर हवाच. उष्ण कटिबंधात शाल पांघरून बसलेले प्रवासी मी फक्त याच देशात पाहिले. या बस लास तेरेनासला जात नाहीत. तिथे राहायचे असेल तर सान्चेसला उतरून डोंगर ओलांडणारी ग्वाग्वा घ्यावी लागते.

चालक मात्र मी दोन ठिकाणी घेईन. एक म्हणजे सामानाहून हाराबाकोआला जाण्याचा दिवस. नकाशावर हे अंतर मोठे दिसत नाही, पण सार्वजनिक वाहनाने नागुआ, सान फ्रान्सिस्को दे माकोरिस, ला वेगा अशी वाहने बदलत जावे लागते, मोठी बॅग असेल तर ग्वाग्वात तिच्यासाठी एका आसनाचे भाडे मागतात, आणि दुखऱ्या गुडघ्याने दिवसभर चढउतार करण्यात शहाणपण नाही. त्याऐवजी जिथे राहाल त्या घराच्या मालकिणीला एका दिवसासाठी गाडी पाहायला सांगा. तिचा भाऊ, भाचा किंवा शेजारी निघतोच. निघण्यापूर्वी चार गोष्टी स्पष्ट ठरवाव्यात : पेट्रोल कोणाचे, टोल कोणाचा, दुपारचे जेवण कोणाचे, आणि वाटेत किती वेळ थांबायचे.

त्या थांब्यांपैकी एक साल्सेदो असावा. हुकूमशाहीविरुद्ध लढलेल्या मिराबाल भगिनींनी आयुष्याचे अखेरचे महिने जिथे काढले ते घर आज संग्रहालय आहे. हुकूमशहा त्रुहियोच्या माणसांनी २५ नोव्हेंबर १९६० रोजी पात्रिया, मिनेर्वा आणि मारिया तेरेसा या तिघींची व त्यांच्या चालकाची हत्या केली. स्त्रियांवरील हिंसाचाराच्या निर्मूलनाचा संयुक्त राष्ट्रांचा दिवस याच तारखेला पाळला जातो. जाण्यापूर्वी खिशातील २०० पेसोची नोट काढून पाहा, तिच्यावर त्या तिघींचे चेहरे आहेत. आम्हाला संग्रहालयात नेणाऱ्या चालकाने वयाची सत्तरी ओलांडली होती. तो आत आला नाही, फाटकापाशी टोपी काढून उभा राहिला, आणि परतताना लहानपणी घरातले मोठे लोक त्रुहियोचे नाव उच्चारण्याआधी खिडकी लावून घेत असत, एवढेच बोलला. गाडी आणि चालक घेण्याच्या विरोधात कितीही युक्तिवाद केले तरी हे ग्वाग्वात घडले नसते.

दुसरे ठिकाण म्हणजे नैऋत्य भाग. मोकळ्या दिवसांत तिकडे जाण्याचा विचार असेल तर बाराओनापासून पुढे पेदेर्नालेसपर्यंत बस विरळ होत जातात, आणि बाहिया दे लास आगिलासच्या किनाऱ्यावर बहुतेक जण शेवटचा टप्पा होडीनेच गाठतात. वाटेत लष्कराचे तपासणी नाके आहेत, कारण हैतीची सीमा जवळ आहे. सैनिक ग्वाग्वात चढून कागदपत्रे पाहतात, तेव्हा त्या भागात पासपोर्ट खोलीवर ठेवून हिंडू नये. सीमेपलीकडे डोकावण्याचा मोह तर मुळीच धरू नये. १२ दिवसांत हा भाग घुसवणे मला दाटीवाटीचे वाटते. तुमच्या जागी मी तो सोडून देईन.

वाटसरू५८

दोघांचेही मनापासून आभार. पूर्ण वेळ चालकाचा प्रस्ताव नाकारत आहे आणि नैऋत्य भागही सोडत आहे. सामाना ते हाराबाकोआ या दिवसापुरती गाडी घेण्याची कल्पना पत्नीला लगेच पटली, विशेषतः साल्सेदोमुळे. साबाना दे ला मारची रात्रही बेतात घेतली आहे.

आता दोन शंका उरतात. पिको दुआर्ते हे संपूर्ण कॅरिबियनमधील सर्वांत उंच शिखर हाराबाकोआच्या बाजूने चढतात असे वाचले आहे. मला जाण्याची इच्छा आहे, पत्नी अर्थातच येणार नाही. तीन रात्रींत ते बसेल का, आणि तिथे वाटाड्याची सक्ती खरोखर पाळली जाते का? दुसरी शंका जेवणाची.

देवराई

सक्ती पाळली जाते आणि पाळली जावी अशीच ती वाट आहे. उंची ३००० मीटरहून थोडी अधिक आहे. हाराबाकोआहून ला सिएनागा या गावी जायचे, तिथल्या उद्यान कार्यालयात नोंद करून परवाना घ्यायचा, आणि गावातलाच वाटाड्या व खेचर ठरवायचे. एका बाजूने २३ किलोमीटर चाल आहे. पहिल्या दिवशी ला कोंपार्तिसिओनच्या निवाऱ्यापर्यंत पोहोचतात, दुसऱ्या दिवशी पहाटे शिखर गाठून निवाऱ्यावर परततात आणि तिसऱ्या दिवशी खाली उतरतात. घाई करणारे दोन दिवसांत सगळे उरकतात, पण तुमच्यासाठी तीन दिवसच योग्य. म्हणजे हाराबाकोआच्या तीनपैकी दोन रात्री डोंगरातच जातील आणि पत्नीला तेवढा काळ एकटे राहावे लागेल, याचा आधी विचार करावा.

खेचर सामानासाठी असते असे आपण समजतो, पण वाटाडे रिकाम्या खेचराचाही आग्रह धरतात. ती लूट नव्हे. परतीच्या लांबलचक उतारावर पायांत गोळे आलेल्या माझ्या सोबत्याला त्यांनी त्याच खेचरावर बसवून खाली आणले, अन्यथा आम्ही रात्री जंगलातच अडकलो असतो. वाटाड्याचे व खेचरवाल्याचे जेवण तुमच्याकडे असते, त्यामुळे शिधा भरताना ती दोन तोंडे मोजावीत. माझ्या वेळी तांदूळ, कडधान्य आणि कॉफी असा शिधा त्याने स्वतः माझ्याबरोबर दुकानात येऊन निवडला आणि मी घेतलेली अर्धी चॉकलेटे मुकाट्याने फळीवर परत ठेवली. रात्री थंडी शून्याजवळ जाऊ शकते. कॅरिबियनला जायचे म्हणून केवळ सुती कपडे नेणारे लोक तिथे चुलीभोवती बसून काढलेली रात्र जन्मभर सांगत असतात.

तीन दिवस द्यायचे नसतील तर ला सिएनागापासून लोस ताब्लोनेसपर्यंतची पहिली ४ किलोमीटरची वाट नदीच्या काठाने जाते आणि सौम्य आहे. गावातला वाटाड्या घेऊन तुम्ही दोघे सकाळी जाऊन दुपारी परत येऊ शकता. शिखर होणार नाही, पण पाइनच्या झाडांतून वाहणारी थंड नदी आणि वरून भार लादून उतरणारी खेचरे पाहायला मिळतील. मी दोन्ही केले आहे. तुमच्या बेतात मला दुसरेच अधिक शोभते.

तिखटमीठ

जेवणाबद्दल. 'सिन कार्ने', म्हणजे 'मांस नको', एवढेच म्हणालात तर समोर कोंबडी येण्याची दाट शक्यता आहे, कारण बोलण्यात 'कार्ने' म्हणजे मुख्यतः लाल मांस. कोंबडी नको, मासे नको, हॅम नको, असे एकेक नाव घेऊन सांगावे. त्यांना त्यात आगाऊपणा वाटत नाही, फक्त काळजी वाटते. एका खाणावळीतली मावशी माझी तब्येत बिघडली आहे असे समजून दोनदा विचारायला आली.

सकाळी मांगू मागावे : उकडलेली कच्ची केळी घोटून केलेला मऊ लगदा, वर व्हिनेगरमध्ये परतलेला लाल कांदा, सोबत अंडी. दुपारी साध्या खाणावळीत भात, रस्सेदार हाबिचुएलास म्हणजे घेवड्यासारख्या शेंगांचे दाणे, तळलेल्या कच्च्या केळ्याचे चपटे तोस्तोनेस, आवोकादो आणि नशीब असेल तर वांग्याची भाजी मिळते. दाण्यांच्या रश्श्यात कधीकधी मांसाचा तुकडा किंवा चवीची वडी टाकलेली असते, म्हणून पातेल्याकडे बोट दाखवून विचारावे. तुम्ही असाल तेव्हा ईस्टरपूर्वीचा ख्रिस्ती उपवासाचा काळ सुरू झाला असेल तर 'हाबिचुएलास कोन दुल्से' नक्की चाखावे. तेच दाणे, दूध, रताळे आणि साखर घालून केलेली दाट खीर घरोघरी शिजते आणि शेजाऱ्यांकडे वाटली जाते. मुक्काम कुणाच्या घरी असेल तर ती तुमच्या दारीही येईल.

उपाहारगृहाच्या बिलात १८ टक्के कर आणि १० टक्के सेवाशुल्क वेगळे लागते, ते पाहून दचकू नये. नळाचे पाणी पिऊ नये. आणि कुणी 'आओरिता' म्हणाले तर पुस्तकात शिकल्याप्रमाणे 'आत्ताच' असे समजू नका. तिथे त्याचा अर्थ 'नंतर केव्हातरी' असा होतो.

वाटसरू५८

'आओरिता'चा अर्थ आधीच कळला हे फार बरे झाले, अन्यथा मी नावाड्याची वाट पाहत उन्हात उभा राहिलो असतो. शिखराचा हट्ट सोडला; लोस ताब्लोनेसपर्यंत दोघेही जाऊ. तीन रात्री ठेवल्यामुळे एक दिवस मोकळा राहतो, आणि तो रविवार आहे.

सोनचाफा

फेब्रुवारीतला रविवार हाराबाकोआत काढू नका, खाली ला वेगाला जा. या महिन्यातल्या प्रत्येक रविवारी तिथे कार्निव्हल असते आणि ग्वाग्वाने ते सहज गाठता येते. मुखवटे आणि आरशांनी मढवलेले पोशाख घातलेले 'दियाब्लोस कोहुएलोस' नावाचे सैतान रस्त्यावरून येतात, त्यांच्या हातात दोरीला बांधलेला फुगीर फुगा असतो आणि तो ते प्रेक्षकांच्या पार्श्वभागावर सपकन हाणतात. मूळचा फुगा प्राण्याच्या मूत्राशयाचा असे. मार चेष्टेचा असला तरी लागतो चांगलाच, आणि पदपथावरून खाली उतरलेला माणूस त्यांच्या हक्काचा समजला जातो. भिंतीला पाठ लावून उभे राहा, पत्नीला कोपऱ्यातल्या एखाद्या घराच्या ओट्यावर खुर्ची मागून द्या (लोक आनंदाने देतात, काही जण थोडे पैसे घेतात), आणि संध्याकाळी गर्दी फुटण्याच्या अर्धा तास आधी थांब्यावर या, कारण वर जाणाऱ्या शेवटच्या ग्वाग्वांमध्ये उभे राहायलाही जागा उरत नाही.